अक्रोपोलिसची चढण

अथेन्सच्या अक्रोपोलिसवर २०२० साली काँक्रीटच्या नव्या वाटा घालण्यात आल्या आणि त्याच वर्षी ३ डिसेंबर रोजी, म्हणजे आंतरराष्ट्रीय अपंग दिनी, टेकडीच्या उत्तर अंगास एक नवी लिफ्ट सुरू झाली. चाकांच्या खुर्चीवरून हिंडणाऱ्या प्रवाशास पार्थेनॉनच्या जवळपर्यंत जाता यावे, हा ह्या दोन्ही कामांमागील एक प्रकट हेतू होता. लिफ्टविषयी फारसा गवगवा झाला नाही. वाटांविषयी मात्र मोठा वाद माजला. अक्रोपोलिसचा उघडा खडक हाच मुळी एक प्राचीन अवशेष आहे, त्यावर काँक्रीट ओतणे म्हणजे स्मारकाचे रूप पालटणे होय, असे आक्षेपकांचे म्हणणे होते. खडक व काँक्रीट ह्यांच्यामध्ये संरक्षक पटल अंथरलेले आहे, वाटा केव्हाही काढून टाकता येतील, आणि पूर्वीच्या वाटाही काँक्रीटच्याच होत्या, असे उत्तर स्मारकांच्या जतनासाठी १९७५ साली नेमलेल्या समितीचे अध्यक्ष व पार्थेनॉनचे ख्यातनाम अभ्यासक मानोलिस कोरेस ह्यांच्या बाजूने देण्यात आले.

वादाची ही दोन्ही टोके एका गृहीतावर उभी होती. प्राचीन स्थळ हे धडधाकट पायांसाठी घडलेले असते. चाक हे तेथे आलेले विसाव्या शतकाचे पाहुणे होय. तेव्हा प्रश्न एवढाच, की ह्या पाहुण्यासाठी यजमानाने किती जागा करून द्यावी. एका पक्षाने ती थोडी द्यावी असे म्हटले, दुसऱ्याने अधिक. परंतु गृहीत तपासून पाहण्याची तसदी फारशी कोणी घेतली नाही. अक्रोपोलिसवर लोक वर कसे जात असत, हा वस्तुतः इतिहासाचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर बऱ्याच अंशी दगडांतूनच मिळते.

ही टेकडी समुद्रसपाटीपासून सुमारे १५६ मीटर उंच असून तिच्या तीन बाजू तुटलेल्या कड्यांच्या आहेत. सुगम वाट ती काय पश्चिमेकडून. इ. स. पू. सहाव्या शतकाच्या मध्यास, म्हणजे पानाथेनाया उत्सवाची नव्याने मांडणी झाली त्या सुमारास, ह्या बाजूस एक बांधीव चढण घालण्यात आली. तिची लांबी सुमारे ८० मीटर आणि रुंदी १० मीटरांहून अधिक होती. बहुकोनी दगड एकमेकांत बसवून रचलेल्या तिच्या आधारभिंतीचा काही भाग आजही पहावयास मिळतो. तिला पायऱ्या नव्हत्या. (अशा बांधकामास मराठीत एकच एक रूढ नाव नाही, वर जाणाऱ्यास तो चढ, खाली येणाऱ्यास तोच उतार. येथे सोयीसाठी ‘चढण’ हा शब्द योजिला आहे.) पुढे इ. स. पू. ४३७ ते ४३२ ह्या काळात म्नेसिक्लीस ह्या वास्तुविशारदाने प्रोपीलाया हे भव्य प्रवेशद्वार उभारले, तेव्हा ही चढण काढून तेथे पायऱ्या घालणे त्यास सहज शक्य होते. त्या काळी चढण उलट रुंद होऊन सुमारे २० मीटरांची झाली.

प्रोपीलायाची रचना ह्या दृष्टीने मुद्दाम पाहण्याजोगी आहे. आडव्या भिंतीत पाच दरवाजे आहेत. बाजूच्या चार दरवाजांपर्यंत जाण्यास पायऱ्या आहेत. मधल्या, सर्वांत मोठ्या दरवाजातून मात्र बिनपायऱ्यांचा चढता मार्ग इमारतीच्या आरपार नेलेला आहे. हा मार्ग मोकळा रहावा म्हणून दर्शनी रांगेतील मधल्या दोन स्तंभांमधले अंतर इतर अंतरांहून वाढविण्यात आले आणि त्यासाठी डोरिक शैलीच्या नेहमीच्या मापांना मुरड घालण्यात आली. ग्रीक वास्तुविशारद आपल्या शैलीच्या नियमांविषयी किती काटेकोर असत हे लक्षात घेता, ही मुरड साधी नव्हे. पायऱ्या चढू न शकणारे कोणीतरी ह्या दारातून नित्य जाणार, हे गृहीत धरून अथेन्सची ही अत्यंत प्रतिष्ठेची इमारत आखलेली आहे.

हे ‘कोणीतरी’ म्हणजे बैल. पानाथेनायाच्या मिरवणुकीत देवीला बळी द्यावयाची गुरे ह्याच वाटेने वर नेली जात. अशा मोठ्या बळीस ‘हेकातोम्बे’ असे नाव होते; शब्दाचे दोन्ही घटक संस्कृतातील ‘शत’ आणि ‘गो’ ह्यांचे सगोत्र आहेत. संख्या नेहमीच शंभर भरत असे, असे नाही. पण पायऱ्यांवरून गुरांचा कळप हाकणे म्हणजे काय, हे ज्याने कधी नदीच्या घाटावर पाहिले आहे त्यास म्नेसिक्लीसची अडचण वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

बैलांखेरीज गाड्याही वर जात. पार्थेनॉनचा संगमरवर सुमारे १६ किलोमीटरांवरील पेंटेली पर्वतातून येई. प्लुटार्कने थोरल्या केटोच्या चरित्रात ह्या कामावरील खेचरांची एक कथा दिली आहे. इमानाने राबलेली खेचरे अथेन्सच्या लोकांनी मोकळी सोडली. त्यांतील एक आपण होऊन कामावर परत येई आणि अक्रोपोलिसवर गाड्या ओढणाऱ्या जनावरांच्या पुढे चालू लागे. त्याच्या आजन्म पोषणाचा खर्च नगराने करावा असा ठराव झाला. ॲरिस्टॉटलच्या प्राणिविषयक ग्रंथात ह्याच कथेचा उल्लेख असून, धान्यविक्यांनी त्यास आपल्या पाट्यांवरून हुसकावू नये अशी आज्ञा निघाली होती, असा तपशील तेथे आहे. कथेचा अलंकार बाजूला ठेवला तरी एक गोष्ट शिल्लक राहते : अक्रोपोलिसवर चाके चढत असत, आणि ह्यात काही विशेष आहे असे प्लुटार्कला वाटले नाही.

उलट बाजूचा पुरावाही दडवून चालणार नाही. पानाथेनायाच्या मिरवणुकीत देवीचे नवे वस्त्र शिडासारखे उभारलेले एक चाकांवरचे जहाज असे. पौसानियसने इ. स. च्या दुसऱ्या शतकात हे जहाज अरियोपागस टेकडीजवळ ठेवलेले पाहिले. त्याच शतकातील हेरोडीस ॲटिकसने काढलेल्या मिरवणुकीतील जहाजाचे वर्णन फिलोस्ट्रॅटसने केले आहे, तेही जहाज माथ्यावर गेले नाही. म्हणजे उत्सवातील सर्वांत दिमाखदार चाके पायथ्याशीच थांबत. एवढ्या मोठ्या सांगाड्यास ती चढण फार तीव्र होती, हे उघड आहे. आज चाकांच्या खुर्चीसाठी एकास बारा हे चढाचे प्रमाण इष्ट मानतात. अक्रोपोलिसची प्राचीन चढण त्यापेक्षा कितीतरी खडी होती. बैल चढे तेथे खुर्ची चढेलच, असा निष्कर्ष ह्यातून काढू नये.

मग पायऱ्या कोणाच्या? चढणीच्या जागी रुंद संगमरवरी जिना आला तो रोमन काळात; तो क्लॉडियस बादशहाच्या कारकिर्दीतील, म्हणजे इ. स. ४१ ते ५४ ह्या काळातील, असे सामान्यतः मानले जाते. पार्थेनॉन तोवर जवळजवळ पाचशे वर्षांचा झाला होता. पुढे इ. स. २६७ मध्ये हेरूली टोळ्यांनी अथेन्स लुटले, आणि त्यानंतर ह्या जिन्याच्या खालच्या टोकास एक तटबंद दरवाजा उभारण्यात आला. त्यासाठी निकियस नामक धनिकाच्या इ. स. पू. चौथ्या शतकातील स्मारकाचे दगड वापरले गेले. १८५२ साली अर्नेस्ट ब्यूले ह्या फ्रेंच विद्वानाने हा दरवाजा उकरून काढला तेव्हा पेरिक्लीसच्या काळचे मूळ प्रवेशद्वारच हाती लागले अशी त्याची समजूत झाली. ती चुकीची ठरली. दरवाजास नाव मात्र त्याचेच राहिले. पायऱ्या चढून प्रोपीलायाकडे जाण्याचे जे दृश्य आज ‘अस्सल प्राचीन’ म्हणून डोळ्यांत भरते, ते अशा रीतीने उशिराचे थर आणि एकोणिसाव्या शतकातील उत्खनन ह्यांनी मिळून घडविलेले आहे. पेरिक्लीसच्या काळचा अथेन्सवासी त्या जिन्यापाशी बुचकळ्यात पडला असता.

येथवरचा पुरावा हाती घेऊन, प्राचीन ग्रीक लोक अपंगांविषयी मोठे कनवाळू होते, असे म्हणण्याचा मोह काहींना होईल. त्यास आवर घातला पाहिजे. चढण बैलांसाठी होती. अपंग नागरिकाचे अथेन्समधील स्थान काय होते, हे जाणण्यासाठी दगड सोडून ग्रंथांकडे वळावे लागते, आणि तेथे सुदैवाने एक असामान्य पुरावा उपलब्ध आहे.

लिसियसच्या नावावर असलेल्या भाषणांत ‘अपंगाच्या वतीने’ म्हणून एक लहानसे भाषण आहे. इ. स. पू. ४०३ मधील तीस हुकूमशहांच्या पाडावानंतरच्या वर्षांतले ते आहे. वक्ता कसलासा किरकोळ धंदा करणारा, दोन काठ्यांच्या आधाराने चालणारा गरीब माणूस आहे. नगराकडून त्यास रोज एक ओबोल मदत मिळते, आणि तो तिला पात्र नाही अशी तक्रार कोणीतरी पाचशेंच्या सभेपुढे केली आहे. तक्रारीतील मुख्य मुद्दा असा : हा घोड्यावर बसतो, तेव्हा हा अपंग कसला? वक्त्याचे उत्तर मार्मिक आहे. आपण श्रीमंत असतो तर खोगिराच्या आरामशीर आसनाचे खेचर बाळगले असते. ते परवडत नाही म्हणून लांबच्या वाटेस दुसऱ्याचा घोडा मागून घ्यावा लागतो. इतर लोक एक काठी वापरतात, आपण दोन. मग दोन काठ्या हाही दुप्पट बळाचा पुरावा समजावयाचा काय? निकाल काय लागला हे भाषणातून कळत नाही. मात्र गतीचे साधन वापरणे हाच अपंग नसल्याचा पुरावा ठरविणारा तो तक्रारदार सर्वस्वी प्राचीन काळातच राहिला, असे म्हणण्याचे धाडस होत नाही.

ह्या भाषणात व कायद्यात येणारा शब्द ‘अदुनातोस’ हा आहे. त्यातील निषेधवाचक ‘अ’ आणि संस्कृत ‘अ’ एकच; ‘असमर्थ’ हा त्याचा अर्थाने आणि घडणीने दोन्ही अंगांनी नेमका प्रतिशब्द होय. लंगड्यासाठी ग्रीक भाषेत ‘खोलोस’ हा वेगळा शब्द आहे. पहिला शब्द शरीराचे वर्णन करीत नाही, उपजीविकेच्या कामातील असमर्थता सांगतो. तो मुळात प्रशासनाचा शब्द आहे. ॲरिस्टॉटलच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या व १८९१ साली पपायरसवरून छापल्या गेलेल्या अथीनियन राज्यव्यवस्थेवरील ग्रंथात ह्या मदतीचा नियम दिला आहे : ज्याची मालमत्ता तीन मिनांहून कमी आणि शरीर काम करण्यास अक्षम, अशास सभेने तपासणी करून रोज दोन ओबोल द्यावेत. तुलनेसाठी एवढे ध्यानात घ्यावे की, इ. स. पू. ४०९ ते ४०७ च्या हिशेबांच्या शिलालेखांप्रमाणे एरेक्थेइऑनच्या बांधकामावरील कारागिरास रोज एक द्राख्मा, म्हणजे सहा ओबोल मिळत. त्या काळातील राज्यांत अशी मदत देणारे राज्य विरळाच. परंतु ही मदत पोटापुरती होती. ह्या माणसाने अक्रोपोलिसवर कसे जावे, हा प्रश्न सभेच्या विचाराचा विषय असल्याची खूण ग्रंथांत आढळत नाही.

पुराणकथांनी मात्र ह्या टेकडीशी अपंगत्व आणि चाक ह्यांची सांगड घातलेली आहे. हेफायस्टस हा लंगडा देव अथीनाच्या जोडीने अथेन्समध्ये पूजिला जाई. ‘इलियड’च्या अठराव्या सर्गात तो सोन्याची चाके बसविलेल्या, आपोआप चालणाऱ्या वीस तिवया घडविताना दिसतो, आणि सोन्याच्या दासी त्यास चालताना आधार देतात. इ. स. पू. सहाव्या शतकाच्या अखेरच्या एका अथीनियन पेल्यावर तो पंख लावलेल्या चाकांच्या आसनावर बसलेला चितारला आहे. त्याच्यापासून उत्पन्न झालेला एरिक्थोनियस हा अथेन्सचा आदिराजा व पानाथेनायाचा संस्थापक. त्याचे पाय सर्पाकार होते आणि ते झाकण्यासाठी त्याने रथ योजिला, असे व्हर्जिलचा टीकाकार सर्व्हियस सांगतो. हे उत्तरकालीन स्पष्टीकरण आहे, त्यावर इमारत उभारता येणार नाही.

अपंगांसाठी म्हणून चढणी बांधल्या गेल्या काय, ह्या प्रश्नाचा खरा निवाडा अथेन्समध्ये होणे नाही; त्यासाठी समुद्रापलीकडे एपिडॉरस येथील ॲस्क्लेपियसच्या आरोग्यधामाकडे गेले पाहिजे. तेथे येणारा भक्त हाच मुळी रोगी असे. पानायोटिस काव्वाडियास ह्यांनी १८८१ पासून तेथे केलेल्या उत्खननात इ. स. पू. चौथ्या शतकातील शिलापट्ट सापडले. त्यांवर देवाने बरे केलेल्यांच्या सुमारे सत्तर हकीकती कोरलेल्या आहेत. पौसानियसच्या वेळी असे सहा पट्ट उभे होते. ह्या हकीकतींत पाय लुळे पडलेला एक मनुष्य खाटेवर घालून आणला जातो. एका लंगड्याची कुबडी पोर पळविते आणि तो तिच्यामागे धावू लागतो. चमत्कार सोडून द्यावेत; अशी माणसे तेथे येत, आणि इतरांच्या खांद्यावरून येत, एवढे तर निश्चित. ‘क्लिने’ म्हणजे खाट आणि ‘क्लिमाक्स’ म्हणजे जिना हे दोन्ही ग्रीक शब्द टेकणे, कलणे ह्या अर्थाच्या एकाच धातूपासून आलेले आहेत. संस्कृतात तो धातू ‘श्रि’ ह्या रूपाने आढळतो आणि ‘निःश्रेणी’ व ‘आश्रय’ हे शब्द त्यापासून होतात.

आता ग्रीक मंदिराच्या जोत्याची पायरी ही माणसाच्या पावलाच्या मापाची नसते. पार्थेनॉनच्या तिन्ही पायऱ्या प्रत्येकी सुमारे अर्धा मीटर उंच आहेत. निरोगी मनुष्यासही मधल्या पायऱ्या घातल्यावाचून त्या सुखाने चढता येत नाहीत. खाट उचललेल्या चौघांनी तेथे काय करावे? एपिडॉरस येथे इ. स. पू. चौथ्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलेल्या ॲस्क्लेपियसच्या मंदिरास पूर्वेकडून दगडी चढण आहे. वर्तुळाकार थोलोसला आहे, आर्टेमिसच्या मंदिरास आहे, आणि स्थळाच्या प्रवेशद्वारास दोन्ही बाजूंनी आहे. डेबी स्नीड ह्या विदुषीने २०२० साली ‘अँटिक्विटी’ ह्या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या निबंधात एपिडॉरसच्या नऊ इमारतींना मिळून अकरा चढणी मोजल्या आहेत. त्याहून कितीतरी थोर अशा ऑलिंपियाच्या झ्यूसक्षेत्रात अशा दोनच आढळतात. अपंगांची ये-जा ध्यानात घेऊनच आरोग्यधामांत चढणी बांधल्या गेल्या, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

ह्यावर आक्षेप घेतले गेले आहेत आणि ते टाकाऊ नाहीत. मंदिरापुढे चढण घालणे ही पेलोपोनेस व त्याच्या आसपासच्या डोरिक मंदिरांची जुनी रीत होती. एजिना बेटावरील अफायाच्या मंदिरास ती इ. स. पू. ५०० च्या सुमारासच आहे, आणि ते काही आरोग्यधाम नव्हे. बळीची जनावरे, जड मूर्ती, पूजेचे सामान ह्यांसाठीही चढण उपयोगी पडतेच. शिवाय, ही चढण अमुक एका हेतूने घातली असे सांगणारा लेख नाही. तथापि केवळ रीत म्हणून पाहिले तर एकाच क्षेत्रात, लहानसहान इमारतींनासुद्धा, एवढी दाटी का व्हावी हे उलगडत नाही. आणि बळीची जनावरे मंदिराच्या आत नेत नसत, वेदी बाहेर असे. त्यामुळे स्नीड ह्यांचे अनुमान, निदान एपिडॉरसपुरते, अधिक सबळ वाटते. हेतू एकच असला पाहिजे हा आग्रह सोडला की वादाची धारही बरीच बोथट होते.

अथेन्सलाही अक्रोपोलिसच्या दक्षिण उतारावर इ. स. पू. ४२०-१९ मध्ये टेलेमाखस ह्या गृहस्थाने ॲस्क्लेपियसचे देवस्थान स्थापिले होते. रोगी तेथवर येत. माथ्यावर अथीनाचे राज्य होते, आणि तेथे जाण्याचा रस्ता मिरवणुकीचा.

मिरवणुकीचा हा रस्ता स्मारकाचाच भाग आहे, ही जाणीव आधुनिक काळात ज्यास विशेष होती तो दिमित्रिस पिकिओनिस. १९५४ ते १९५७ ह्या वर्षांत त्याने अक्रोपोलिस व फिलोपापोस टेकड्यांभोवती दगडी फरसबंदीच्या वाटा आखल्या. पाडलेल्या जुन्या घरांचे दगड त्यांत चिणले. चालणाऱ्याचे पाऊल आणि दृष्टी ह्यांचा मेळ घालण्याची त्याची हातोटी अजोड आहे. चालू न शकणारा मनुष्य मात्र त्या आखणीत नाही. असा मनुष्य आखणीत आला तो २००४ मध्ये, ऑलिंपिक व त्यापाठोपाठच्या पॅरालिंपिक सामन्यांच्या निमित्ताने, उत्तर कड्यावर बसविलेल्या लिफ्टच्या रूपाने. ती पुढे वरचेवर बंद पडू लागली. २०२० ची लिफ्ट तिच्या जागी ओनासिस प्रतिष्ठानच्या द्रव्यसाहाय्याने आली, आणि वरच्या वाटांमुळे खुर्ची पार्थेनॉनच्या बाजूने फिरू लागली. पार्थेनॉनच्या आत सर्वांनाच मज्जाव आहे. तेवढ्यापुरते पायी येणारा आणि खुर्चीवरून येणारा हे दोघे समान पातळीवर आहेत.

परंतु म्नेसिक्लीसने मधल्या दारातून काढलेला बिनपायऱ्यांचा मार्ग, ज्याच्यासाठी त्याने स्तंभांची मापे बदलली, तो ह्या प्रवाशाच्या वाटेवर येत नाही. चढण, दार, आणि दारातून बाहेर पडताच उजव्या हातास तिरकस दिसणारे पार्थेनॉन, हा क्रम प्राचीन आखणीचा गाभा होता. पौसानियसने अक्रोपोलिसचे वर्णन त्याच क्रमाने केले आहे, आधी प्रोपीलाया, मग पार्थेनॉन, त्यानंतर एरेक्थेइऑन. लिफ्टमधून येणारा प्रवासी उत्तरेकडून, एरेक्थेइऑनच्या बाजूस वर निघतो. प्रोपीलाया त्यास शेवटी आणि आतल्या अंगाने दिसतो. पौसानियसचा ग्रंथ हाती घेऊन हिंडावयाचे असेल तर त्याने तो मध्येच कोठेतरी उघडून मागे मागे वाचीत गेला पाहिजे.